हिशेब मागणारा माणूस : सर दिनशा वाच्छा



आपल्या मंडळाच्या वार्षिक व्याख्यानमालेत यंदा मी सर दिनशा एदलजी वाच्छा यांच्याविषयी बोललो. तेच भाषण, बोलण्याच्या ओघात निसटलेले काही दुवे जोडून, येथे तुमच्यापुढे ठेवतो. नाव वाचून ‘हे वाच्छा कोण?’ असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर त्यात तुमचा दोष नाही. मुंबईला चर्चगेटपाशी त्यांचा पुतळा आहे, जवळच त्यांच्या नावाचा रस्ताही आहे; पण त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांनाही ते कोण होते हे सांगता येईलच असे नाही. मग आपण तर ग्वाल्हेरला.

आपल्या घरांतून टिळक ठाऊक असतात, गोखले ठाऊक असतात, दादाभाई आणि फिरोजशहा मेहता यांची नावे शाळेच्या पुस्तकातून राहिलेली असतात. जुन्या मंडळींच्या तोंडी ‘जहाल’ आणि ‘मवाळ’ हे शब्दही असत, आणि बहुतेक मराठी घरांचा ओढा जहालांकडे होता. वाच्छा हे मवाळांतले मवाळ. त्यात कापड गिरण्यांच्या कारभारातले, म्हणजे भांडवलवाल्यांच्या बाजूचे. आणि शेवटी इंग्रज सरकारने ‘सर’ केलेले. तिन्ही बाजूंनी विस्मरणाची सोय झालेली. तरीही मी त्यांचा विषय घेतला, कारण दोन गोष्टी मला त्यांच्या आयुष्यात एकत्र दिसतात. सरकारकडे हिशेब मागणे हे राजकारण होऊ शकते, हे आपल्या देशाला शिकवणाऱ्या पहिल्या पिढीतले ते होते. आणि हिशेबात इतका पक्का असलेला माणूस एक रकाना भरायचाच विसरू शकतो, हेही त्यांच्याकडूनच कळते. या दोन्ही गोष्टी बरोबरीने सांगितल्या तरच त्यांना न्याय मिळतो.

वाच्छांचा जन्म २ ऑगस्ट १८४४ चा, मुंबईतला. शिक्षण एल्फिन्स्टन कॉलेजात. पण पदवीपर्यंत न थांबता ते वडिलांच्या धंद्यात शिरले. पुढे बॉम्बे बँकेत आणि मग हिशेबनिसांच्या एका पेढीत त्यांनी काम केले. म्हणजे पंचविशीच्या आतबाहेर त्यांच्या हाताला वही आणि डोळ्यांना आकडे यांची सवय झाली होती.

त्या वयात त्यांनी जे पाहिले ते लक्षात घ्यायला हवे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. चार वर्षांत शहरात इतका पैसा आला की त्याचे काय करावे हे लोकांना सुचेना. समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या, बँका, वित्तसंस्था रोज उगवू लागल्या आणि त्यांच्या शेअरांवर सट्टा सुरू झाला. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि कागदी श्रीमंती वाहून गेली. बॉम्बे बँकही त्यात बुडाली. प्रेमचंद रायचंद हे त्या काळाचे नायक. वाच्छांनी पुढे त्यांचे चरित्र लिहिले आणि त्या सट्ट्यावर स्वतंत्र पुस्तकही लिहिले. वही नीट न लिहिता, तारण न पाहता, विश्वासावर दिलेल्या पैशाचे काय होते, हा धडा त्यांना ऐन विशीत मिळाला. पुढे आयुष्यभर त्यांनी सरकारला जे प्रश्न विचारले त्यांची मुळे मला येथे दिसतात.

१८७४ पासून ते कापड उद्योगात आले आणि नंतर मोरारजी गोकुळदास यांच्या मुंबईच्या आणि सोलापूरच्या गिरण्यांच्या मॅनेजिंग एजन्सीत स्थिरावले. ही मॅनेजिंग एजन्सी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. गिरणीचे भागधारक अनेक. पण कारभार पाहणारी पेढी एक. कापूस तिने घ्यायचा, यंत्रे तिने मागवायची, सूत तिने विकायचे. त्या काळी कित्येक गिरण्यांत या पेढीला विकलेल्या सुताच्या दर पौंडामागे पाव आणा कमिशन मिळे, मग गिरणीला नफा होवो की तोटा. जमशेटजी टाटांनी १८८६ साली स्वदेशी मिल काढली तेव्हा कमिशन नफ्यावर घेण्याची पद्धत आणली, तिचे कौतुक झाले ते यामुळेच. वाच्छा या साऱ्या व्यवहाराच्या आत होते. मुंबईच्या गिरणीमालक संघाच्या समितीवर त्यांनी कित्येक दशके काढली आणि १९१७ साली ते त्या संघाचे अध्यक्षही झाले.

सोलापूरची ही गिरणी १८७७ सालची. दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा तो काळ. सोलापूरकर तिला पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले. कोरडवाहू मुलखातून उठलेले शेतकरी आणि हातमाग बंद पडलेले विणकर अशा गिरण्यांच्या दारात येऊन उभे राहिले, आणि त्यांच्यावरच गिरण्या उभ्या राहिल्या. हे चित्र ध्यानात ठेवा, त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

गिरणीतला माणूस राजकारणात का आला? देशप्रेम होतेच, पण केवळ तेवढेच उत्तर अपुरे आहे. आपल्या धंद्याचा हिशेब जुळत नाही आणि त्याचे कारण गिरणीत नसून सरकारच्या धोरणात आहे, हे त्यांना आकड्यांवरून कळले, हे उत्तर अधिक खरे. १८८५ च्या जानेवारीत फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तैयबजी यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. तिचे चिटणीसपद वाच्छांनी तीस वर्षे सांभाळले. त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसची पहिली सभा भरली. ती व्हायची होती पुण्याला. पण तेथे पटकी सुरू झाली म्हणून ऐनवेळी मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवावी लागली. देशभरातून आलेल्या ७२ प्रतिनिधींत वाच्छा होते, आणि ते बोलले लष्करी खर्चावर. बाकीचे मोठ्या तत्त्वांवर बोलत असताना या गृहस्थाने फौजेच्या खर्चाचे आकडे मांडले. १८९६ पासून १९१३ पर्यंत ते काँग्रेसचे संयुक्त सरचिटणीस होते. ठराव, पत्रे, वर्गणी, अहवाल ही जी कामे कोणाला दिसत नाहीत आणि जी झाली नाहीत तर संस्था चालत नाही, ती त्यांनी सतरा वर्षे केली. मंडळे चालवणाऱ्या तुम्हा लोकांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता त्यांच्या हिशेबातली दोन उदाहरणे देतो. पहिले कापडाचे. १८९४ मध्ये तूट भरून काढण्यासाठी सरकारने परदेशी मालावर पाच टक्के जकात बसवली. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी ओरड केली, की आमच्या कापडाला जकात आणि हिंदुस्थानच्या गिरण्यांना सूट हा अन्याय आहे. शेवटी १८९६ साली ठरले असे : विलायती कापडावर जकात साडेतीन टक्के, आणि इथल्या गिरण्यांत विणलेल्या कापडावरही तेवढाच साडेतीन टक्के अबकारी कर. आपल्याच देशात आपण विणलेल्या धोतरजोडीवर कर, आणि तो कशासाठी, तर मँचेस्टरच्या धोतरजोडीला जड जाऊ नये म्हणून. इतका उघड पक्षपात पुराव्यानिशी दाखवता येण्यासारखा क्वचितच मिळतो. वाच्छा आणि त्यांचे सहकारी त्याच्याविरुद्ध वर्षानुवर्षे लिहीत-बोलत राहिले. कर उठायला १९२५-२६ उजाडले. तीस वर्षे गेली.

दुसरे उदाहरण चांदीचे, आणि ते खास तुमच्यासाठी घेतले आहे. मी सराफा बाज़ारात राहणारा आणि दवाखाना चालवणारा माणूस. भोवती दिवसभर तोळा-माशाची भाषा. तेव्हा हा हिशेब तुम्हाला माझ्याइतकाच चटकन समजेल. कंपनी सरकारच्या काळापासून रुपया एक तोळ्याचा होता. बारा भागांत अकरा भाग चांदी. १८९३ पर्यंत कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावे, थोडी घडणावळ द्यावी आणि रुपये पाडून आणावेत अशी मोकळीक होती. त्यामुळे शेतकऱ्याच्या बायकोच्या पायांतले तोडे म्हणजे जवळजवळ रुपयेच होते. दुष्काळात ते मोडले की सारा भरता येई, बी घेता येई. तीच तिची बँक होती.

पण जगात चांदी स्वस्त होत चालली होती. पूर्वी दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया सव्वा शिलिंगाच्याही खाली आला. सरकारची अडचण ही की ‘होम चार्जेस’, म्हणजे हिंदुस्थानच्या नावावर विलायतेत होणारा खर्च, पौंडांत द्यावा लागे. आणि तो वर्षाला दीड कोटी पौंडांहून अधिक होता. पौंडाला दहा रुपये पडत तेव्हा दीड कोट पौंडांचे पंधरा कोट रुपये होत. पौंडाला पंधरा पडू लागले की साडेबावीस कोट. खर्च कमी करणे हा एक उपाय होता. तो न करता सरकारने २६ जून १८९३ रोजी टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. नाणी कमी, म्हणून रुपया महाग. काही वर्षांत तो एक शिलिंग चार पेन्सवर आणून बसवला गेला.

याचा परिणाम काय झाला? नाण्याचा रुपया महाग राहिला आणि चांदी मात्र स्वस्त होत गेली. शतक पालटले त्या सुमारास रुपयाच्या नाण्यात दहा-अकरा आण्यांचीच चांदी उरली होती. म्हणजे रुपयाच्याच कसाचे शंभर तोळ्यांचे दागिने, जे पूर्वी शंभर रुपयांच्या घरात गेले असते, ते आता पासष्टच्या आसपास. चोर आला नाही, दरोडा पडला नाही. घरातल्या पेटीत ठेवलेल्या चांदीतून तिसरा हिस्सा निघून गेला. आणि सारा मात्र रुपयांतच भरायचा. त्यातच १८९९-१९०० चा दुष्काळ आला, ज्याला संवत १९५६ वरून मारवाड-माळव्यात ‘छपनिया’ म्हणतात. ज्या वर्षी दागिने मोडायची सर्वांत जास्त गरज, त्याच वर्षी त्यांना भाव नाही. मुंबईच्या गिरण्यांनाही याचा फटका बसला, कारण त्यांचे सूत चीनला जाई आणि चीन चांदीवर चाले. वाच्छांनी काँग्रेसच्या व्यासपीठावरून या चलननीतीवर कडक टीका केली. त्यात गिरणीचा स्वार्थ होता हे खरे. पण गिरणीवाल्याचा आणि खेड्यातल्या बाईच्या तोड्यांचा तोटा एकाच निर्णयातून निघालेला होता, हेही तितकेच खरे. गुंतागुंतीची नाणेनीती गरिबाच्या पेटीपर्यंत नेऊन दाखवणे, हे त्या पिढीचे मोठे काम होते.

१८९७ मध्ये हे सारे आकडे लंडनला मांडायची वेळ आली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगापुढे साक्ष द्यायला वाच्छा, गोपाळ कृष्ण गोखले, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि जी. सुब्रह्मण्य अय्यर गेले. दादाभाई स्वतः आयोगाचे सभासद होते. वाच्छांचे वय बावन्न, गोखल्यांचे तीस-एकतीस. गोखल्यांची तयारी न्यायमूर्ती रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांनी करून घेतलेली. दोघे बरोबर निघाले. वाटेत काले बंदरात गोखल्यांना छातीला जबर मार लागला; भिडस्त स्वभावामुळे त्यांनी तो काही दिवस अंगावर काढला आणि दुखणे अगदी असह्य झाल्यावर सांगितले. तशाच अवस्थेतून उठून त्यांनी आयोगापुढे उलटतपासणीला तोंड दिले. एक पुण्याचा प्राध्यापक, एक मुंबईचा गिरणी कारभारी. दोघांनी मिळून साम्राज्याच्या खजिनदारांना विचारले, की आमच्या पैशाने तुमच्या सरहद्दीबाहेरच्या लढाया का? १९०० साली आयोगाचा अहवाल आला तो निराशा करणारा होता; दादाभाई, वेडरबर्न आणि केन यांना वेगळे मत नोंदवावे लागले. तरी ही साक्ष फुकट गेली असे मी म्हणणार नाही. गोखले पुढे कलकत्त्याच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर जी भाषणे करत, ज्यांची इंग्रज अधिकारीही वाट पाहत, त्यांची तालीम येथे झाली.

गांधीजींच्या आत्मकथेत वाच्छा दोनदा भेटतात, आणि त्या दोन भेटींत त्यांचा सगळा स्वभाव आला आहे. १८९६ च्या सप्टेंबरात गांधीजी दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची कैफियत घेऊन मुंबईला आले. फिरोजशहांनी सभा बोलावली, भाषण लिहून आणायला सांगितले. गांधीजी वाचायला उभे राहिले आणि त्यांचा आवाज फुटेना. केशवराव देशपांड्यांनी कागद हातात घेतला, पण श्रोत्यांनी ‘वाच्छा, वाच्छा’ असा गजर केला. वाच्छा उठले, त्यांनी ते भाषण वाचले आणि सभा शांत होऊन ऐकत राहिली. ज्या आवाजाने पुढे सारा देश हलवला, त्याला त्या संध्याकाळी वाच्छांचा आवाज उसना घ्यावा लागला.

दुसरी भेट १९०१ ची. कलकत्त्याच्या काँग्रेसचे अध्यक्ष वाच्छा होते. अध्यक्षीय भाषणात त्यांनी दुष्काळ, शेतकऱ्याचे दारिद्र्य आणि देशाबाहेर वाहत जाणारी संपत्ती यांचा विषय घेतला. त्याच अधिवेशनात गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेचा ठराव मांडला. वक्त्याला पाच मिनिटे. घंटा वाजली. ती दोन मिनिटे उरली अशी सूचना देणारी होती, हे गांधीजींना ठाऊक नव्हते. ते दुखावले आणि तेथेच खाली बसले. वाच्छांचे काही चुकले नव्हते. वेळ म्हणजे वेळ, नियम म्हणजे नियम. पण त्यांच्या राजकारणाची सीमाही तीच होती. नियमात बसणारे, वेळेत संपणारे, सभागृहात बसलेल्यांना समजणारे राजकारण.

सभागृहाबाहेर कोण होते? आता सोलापूरच्या आणि परळच्या त्या गिरणीच्या दाराशी परत चला. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय होत्या? आठवड्यातून एक दिवस सुटी. दुपारी अर्धा तास विसावा. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामात अपघात झाला तर भरपाई. आज या मागण्या वाचताना लाज वाटते, की एवढ्यासाठीही अर्ज करावा लागला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, त्यांत दोन स्त्रिया बोलल्या. आणि त्यानंतर १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

१८९१ च्या कायद्याने स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे सात तासांवर आणले. पुरुषांना मर्यादाच नव्हती. विजेचे दिवे आल्यावर, १९०५ च्या सुमारास धंद्याला तेजी असताना, मुंबईच्या गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. पुरुषांच्या तासांवर कायद्याने बंधन घालायला गिरणीमालक संघाचा विरोध होता, आणि त्या काळच्या बहुतेक राष्ट्रीय पुढाऱ्यांचाही होता. वाच्छा दोन्हीकडे होते. त्यांची बाजू पोकळ नव्हती. कारखान्यांच्या कायद्यासाठी सर्वांत मोठा आग्रह लँकेशायरचा होता, आणि लँकेशायरला आपल्या कामगाराची कणव होती असे मानायला कोणी भोळा लागेल. मुंबईच्या गिरणीचा वेग कमी व्हावा हा त्यांचा हेतू होता. पण हेतू वाईट असला म्हणून मागणी चुकीची ठरत नाही. १९०७-०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनवर मद्रासचे डॉ. टी. एम. नायर होते. हेही हिंदी, हेही सरकारवर टीका करणारे. पण त्यांनी वेगळे मत लिहून पुरुषांच्या कामाच्या तासांनाही मर्यादा हवी असे सांगितले. ते वैद्यकी करणारे होते, हा मला योगायोग वाटत नाही. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांना बारा तासांची मर्यादा आली.

आमच्या होमिओपॅथीत पहिला धडा असतो तो रोग्याची हकीकत त्याच्याच शब्दांत लिहून घेण्याचा. नाडी, ताप, तपासण्या हे सर्व नंतर. वाच्छांनी देशाच्या दुखण्याचे सर्व आकडे घेतले. दरडोई उत्पन्न, जकात, विनिमयाचा दर, फौजेचा खर्च. पण आपल्याच गिरणीच्या साच्यावर पहाटेपासून उभ्या असलेल्या माणसाला काय होते आहे, हे त्याच्या तोंडून ऐकण्याची गरज त्या पिढीला भासली नाही. इंग्लंड हिंदुस्थानातून किती ओढून नेते याचा हिशेब त्यांच्याकडे पैशापर्यंत होता. गिरणी कामगाराच्या अंगातून किती ओढून नेते, तो रकाना कोरा होता.

पुढचे तुम्हाला माहीत आहे. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली. तापीच्या काठावरच्या त्या मांडवात खुर्च्या उडाल्या आणि मराठी जोडा फिरोजशहांना लागला. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. ज्यांची हकीकत मवाळांनी ऐकली नव्हती, त्यांनी आपला माणूस निवडला होता. १९१५ मध्ये गोखले गेले, फिरोजशहा गेले. १९१७ ला वाच्छा ‘सर’ झाले. १९१८ मध्ये मवाळांनी काँग्रेसपासून वेगळी चूल मांडली त्यांत ते होते. १९१९ च्या मार्चमध्ये रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी सत्याग्रहाची घोषणा केली, तेव्हा सत्याग्रहाला विरोध करणाऱ्या पत्रकावर वाच्छांची सही होती. कायदा त्यांनाही नको होता. कायदा मोडणे त्यांना जमणारे नव्हते. १८९६ च्या सभेत ज्याचे भाषण त्यांनी वाचून दाखवले, त्याची भाषा आता त्यांना वाचता येईना. १८ फेब्रुवारी १९३६ रोजी, एक्क्याण्णव वर्षांचे होऊन, ते गेले. तोवर काँग्रेस हा त्यांनी सांभाळलेल्या दप्तराहून फार मोठा प्रवाह झाला होता.

आपल्या ग्वाल्हेरचा या गोष्टीशी संबंध काय, असे तुम्ही विचाराल. एक धागा आहे. वाच्छांनी १९१४ मध्ये जमशेटजी टाटांचे चरित्र लिहिले. जमशेटजींच्या पोलाद कारखान्याची नोंदणी १९०७ सालची. त्याचे शेअर हिंदी लोकांनी काही आठवड्यांत उचलले. पुढे खेळत्या भांडवलासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे काढले, ते सर्वच्या सर्व एकट्या ग्वाल्हेर दरबारने, महाराज माधवराव शिंद्यांनी घेतले. तेव्हाच्या दराने साठ लाख रुपये. देशी उद्योगाला देशी पैसा मिळावा हा वाच्छांच्या पिढीचा आग्रह, आणि तो इतक्या मोठ्या रकमेने पाळला गेला तो येथून. मात्र हेही ध्यानात घ्या, की ते साठ लाख कोठून आले, कोणाच्या साऱ्यातून जमले, हे विचारण्याचा हक्क तेव्हा संस्थानी रयतेला नव्हता. मुंबईत वाच्छा महापालिकेत उभे राहून एकेका नळाचा खर्च विचारत होते. आपले आजे-पणजे दरबारी नोकरीत होते, इमानी होते, कर्तबगार होते. पण हिशेब विचारणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते. त्या सवयीचा अंश आपल्यात अजून आहे असे मला वाटते. संस्थेच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो तेव्हा आपण चहाकडे पाहतो, आणि कोणी एखादा आकडा विचारलाच तर त्याला भांडखोर समजतो.

आमच्या जैन पेढ्यांवर दिवाळीला वहीपूजन होते. वहीवर कुंकवाचे बोट उठवताना घरातले वडीलधारे सांगत, की वही ही देवापुढे ठेवायची असते, म्हणून तिच्यात खोटे लिहायचे नाही. वाच्छा पारशी, अग्नीपुढे नमणारे. पण त्यांनी वहीचा हाच मान राखला आणि तो सरकारकडूनही मागितला. त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. आज अर्थसंकल्पावर चर्चा होते, खर्चाची तपासणी होते, नागरिक अर्ज करून माहिती मागतो, याच्या तळाशी त्या लोकांची तीस-चाळीस वर्षांची कंटाळवाणी मेहनत आहे. जहालांचा त्याग मोठा होताच. पण आपल्याला लुटले जात आहे हे रागाने सांगण्याआधी कोणीतरी ते मोजावे लागते.

आणि त्यांनी सोडलेला कोरा रकाना भरण्याचे काम आपले आहे. तुमच्यापैकी कोणाची दुकाने आहेत, कोणाच्या शाळा, कोणाचे दवाखाने. तेथे काम करणारा माणूस किती तास उभा असतो, त्याला पगार कितव्या तारखेला मिळतो, तो आजारी पडला तर काय होते. लोखंड्यांच्या १८८४ च्या अर्जातले हे प्रश्न अजून जुने झालेले नाहीत. सरकारकडे हिशेब जरूर मागावा, आणि ज्या वहीवर आपलेच नाव आहे तीही उघडून पाहावी.

एवढे बोलून मी थांबलो होतो, येथेही थांबतो.